वहिनीला तू सांग

देवगड
रविवार दुपार

प्रिय सुमे,

फोनवर बोलले असते, पण या घरात कुठल्याही कोपऱ्यात बोललं तरी आईला ऐकू जातं, आणि तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र. इकडे सगळे बरे. आईची साखर आटोक्यात, आबांचा गुडघा होता तसाच.

विषय दादा-वहिनीच्या आरूचा. त्याला २२ महिने झाले. नावाने हाक मारली तर दहातून एखाद्या वेळी वळतो. काही हवं असलं की आपलं मनगट धरून फडताळापाशी नेतो, पण बोट करून दाखवत नाही. आणि दीड वर्षाचा असताना ‘काऊ’, ‘पप्पा’, ‘दे’ म्हणायचा, ते तिन्ही शब्द गेले. बाकी चालणं, धावणं, ओट्यावर चढणं सगळं वेळेवर. इथवर वाचून तुला तुमचा संजू आठवला असणार. म्हणूनच हे दुसऱ्या कुणाला लिहून उपयोग नाही.

आई म्हणते, “बोलतलो गे, घाई कित्याक? तुझो दादा पण उशिराच बोलाक लागललो.” आईचं अगदीच चूक नाही. उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं आपली आपण मार्गी लागतात. पण ती मुलं शब्द नसले तरी बोट दाखवतात, टाटा करतात, ‘चप्पल आण’ म्हटलं की आणतात, काही नवं दिसलं की आपल्याकडे बघून आनंद वाटून घेतात. शब्दही नाहीत आणि खुणाही नाहीत, ही वेगळी गोष्ट. आणि आलेले शब्द जाणं ही तर कुठल्याही वयात थांबून बघण्यासारखी गोष्टच नव्हे. दात येत होते, वहिनी माहेरी गेली होती, नजर लागली, अशी कारणं घरात चालू आहेत. मी मुलं तपासणाऱ्या सरकारी पथकात अंगणवाड्या फिरून हेच इतरांच्या पोरांबद्दल सांगते आणि लोक ऐकतात. घरी पिकतं तिथे विकत नाही. वहिनी तुझं ऐकते. तिला फोन कर. काय सांगायचं ते लिहिते.

पहिली गोष्ट कानाची. दादा म्हणतो, “ढोल वाजला की दचकतो, मिक्सर लावला की पळतो, मग ऐकू येत नाही कसं?” संजूच्या वेळी तुझे अण्णा हेच म्हणत होते. ढोल, मिक्सर, ट्रॅक्टर हे मोठे आणि बरेचसे जाड आवाज. ते ऐकू येणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’, ‘च’ असे बारीक आवाज निसटू शकतात, आणि मग बोलणं त्याला भिंतीपलीकडून आल्यासारखं लागतं. मागे उभं राहून टाळी वाजवणं ही तपासणी नाही, त्याला सावली दिसते, वारा लागतो. आधी कानाच्या डॉक्टरांनी मळ आहे का, पडद्यामागे सर्दीचं पाणी साचलंय का ते बघायचं. मग ओएई, म्हणजे आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी तपासणी. कानात छोटा प्रोब घालतात, मूल शांत असलं तर काही मिनिटांत होतं. मळ किंवा पाणी असलं तर ती उगाच फेल येते आणि घरचे हादरतात, म्हणून कान आधी साफ हवा. ओएई पास झाली तरी नसेतला दोष तिच्यात सुटू शकतो, त्यामुळे आरूसारख्या मुलाची बेरासुद्धा करून घ्यायची. आवाज कानापासून नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बेरा बघते, आणि ती झोपेत होते. लोक चुकतात ते इथेच: पोर गाडीत मस्त झोपतं आणि खोलीत नेल्यावर टक्क जागं. सकाळी लवकर उठवायचं, वाटेत झोपू द्यायचं नाही. झोपेचं औषध द्यायचं ठरलं तर किती वेळ पोट रिकामं ठेवायचं ते तिथे विचारून तंतोतंत पाळायचं, आणि ते औषध तिथेच, त्यांच्या देखरेखीखाली. घरून पाजून न्यायचं नाही.

दुसरी, वीस प्रश्नांची एम-चॅट, म्हणजे स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाळून बघणारी, आईबापांनी भरायची यादी. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. काळजीच्या प्रत्येक उत्तराला एक गुण. ० ते २ गुण आले तर काळजी कमी, ३ ते ७ आले तर चुकलेल्या प्रश्नांवर पुन्हा सविस्तर विचारायचं, ८ किंवा जास्त आले तर सरळ पुढे तज्ज्ञांकडे. वहिनीने ती भरली होती, पण ‘एकदा केलं होतं त्याने’ म्हणून हो, हो, हो. एकदोनदा केलं पण सहसा करत नाही, तर उत्तर ‘नाही’च. हे तिला तू सांग, मी सांगितलं तर तिला वाटतं मी पोराला कमी लेखतेय. आणि हेही सांग, की ही फक्त चाळणी आहे, निदान नव्हे. जास्त गुण आलेल्या कितीतरी मुलांना स्वमग्नता नसते.

तुझं-माझं त्या उन्हाळ्यातलं भांडण आठवतं? “तुला सगळीकडे आजारच दिसतो” म्हणालीस आणि मी कातळावरून तशीच घरी निघून आले. ते वाक्य आता वहिनी बोलते, शब्दही तेच. तुझ्याकडून शिकली का गं?

तिची खरी भीती ‘शिक्का बसेल’ ही आहे. तिला नीट समजाव: तपासणी वेगळी आणि दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं. प्रमाणपत्र आपण स्वतंत्र अर्ज केल्याशिवाय निघत नाही. आरूला तपासलं म्हणून शाळेत कुणाला काही कळत नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालयात जायचं. २०१३ पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात चार गोष्टी बघतात: जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातला उशीर. तपासणी मोफत. अशा मुलांना लवकर तपासून उपचार सुरू करणारं शीघ्र हस्तक्षेप केंद्र जिल्हा रुग्णालयालाच जोडलेलं असतं. आमच्या पथकाची चिठ्ठी मी देईन.

तिथे डोक्याचा घेर मोजतील, जन्मल्यावर लगेच रडला का, कावीळ किती होती, काचेच्या पेटीत ठेवला होता का, विचारतील. म्हणून प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड दोन्ही हवीत. वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून धरतात. आरू पूर्ण दिवसांचा, त्यामुळे ती सूट त्याला नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन अशा रक्ततपासण्या सांगतील, त्या टाळू नयेत, कारण त्यातलं काही सापडलं तर औषध आहे. डॅसी नावाची भारतीय बालकांच्या विकासाची मोजणी असते, बडोद्याच्या मुलांवर बेतलेली. ती ३० महिन्यांपर्यंतच लागू. ‘तीन वर्षांचा होऊ दे’ म्हणणाऱ्यांना हे सांगायला उपयोगी पडेल.

व्हिडिओ मात्र हवेतच. अनोळखी खोलीत पोर एक तर रडतं, नाहीतर आईला चिकटून बसतं, आणि मग डॉक्टरांना खरा आरू दिसतच नाही. एकेक-दोनदोन मिनिटांचे पुरेत: जेवताना, पाठीमागून नावाने हाक मारताना, शेजारच्या मुलांमध्ये. त्यात “बोल ना बाळा” म्हणून मागे लागायचं नाही. आणि शब्दांची यादी: मालवणी, मराठी, हिंदी, सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. कुत्र्याला कायम ‘भू’ म्हणत असेल तर तोही शब्द. दोन भाषांनी पोर गोंधळतं आणि बोलत नाही, हे आबांचं म्हणणं खोटं आहे.

मोबाइलवरही वाद चालू. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, ते मी आजच बंद केलं. पण ‘मोबाइल बंद करून तीन महिने बघू’ हा दादाचा तोडगा मला मान्य नाही. बंदही करा आणि तारीखही घ्या. तपासून सगळं ठीक निघालं तर एक दिवस गेला. न तपासता थांबलो आणि काही निघालं, तर या वयातले महिने परत मिळत नाहीत. आणि बोलण्याचे व्यायाम सुरू करायला निदानाचं नाव ठरेपर्यंत थांबावंही लागत नाही.

बेराची तारीख ओरोसला फार लांबची मिळाली, तर वांद्र्याची अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची संस्था आहे, तुझ्या घरापासून जवळ. तिथे नोंदणी कुठल्या वारी, किती वाजता, ते विचारून ठेव. उतरायला तुझ्याकडेच येतील.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूची दहावी, म्हणजे तुझीच दहावी. सासूबाईंना नमस्कार.

फोन दुपारी दोन ते तीनमध्ये कर, आई झोपलेली असते. आधी आरूच्या जेवणाबद्दल विचार, मग विषय काढ. ‘गतिमंद’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. ‘कान तपासून घेऊ’ एवढ्यावर ती तयार झाली तरी पुष्कळ. एकदा ओरोसला पोचलो की पुढचं मी बघते.

तुझीच,
शालू

ता. क. दादाला सांग, त्या दिवशी दोघांनीही यायला हवं. वहिनी एकटी गेली की डॉक्टर काय म्हणाले ते घरी सांगताना तिला रडू येईल, आणि आई म्हणेल, कशाला गेलीस.