अ‍ॅना मणींना उपकरणं हवी नव्हती

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

फिजिक्स हवं होतं आणि इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे उपकरणांचं शिक्षण, पदरात पडलं, म्हणून तुझं तोंड अजून एवढंसं आहे, असं बाबा सांगत होते. समजूत घालत नाही. तू कुठली ऐकणार! हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणींबद्दल मात्र वाच.

जन्म 1918चा, त्रावणकोरातल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणे हिऱ्यांच्या कुड्या मिळायच्या, तर हिने मागितला एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका. पण हिरे काही सुटले नाहीत. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्याकडे तिने अभ्यासले ते हिरे आणि माणकंच. एकेका फोटोप्लेटवर वर्णपट उमटायला पंधरा-वीस तास लागायचे, त्यामुळे रात्रीचा मुक्कामही कित्येकदा प्रयोगशाळेतच. 1945 मध्ये प्रबंध दिला, तर मद्रास विद्यापीठ म्हणालं, एम.एस्सी. नाही, मग पीएच.डी. कसली? माझी तळपायाची आग मस्तकात जाते. बाईंनी मात्र या गोष्टीचं कधी भांडवल केलं नाही.

पुढे लंडनला इंपीरियल कॉलेज. तिथेही मनात फिजिक्सच होतं, शिष्यवृत्ती निघाली हवामानाच्या उपकरणांची. घेतली. 1948 मध्ये परतल्या त्या आपल्या पुण्यात, हवामान खात्यात. म्हणजे तू ज्या चौकात बसची वाट बघत उभी असायचीस, तिथल्या सिमला ऑफिसचं खातं. तोवर साधे थर्मामीटरही विलायतेहून यायचे. त्यांनी शंभरएक उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित केली आणि ती इथे बनायला लागली.

तू म्हणालीस, कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरण प्रमाणाशी ताडून बघणं, ही कारकुनी. अगं, पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचं तोंड जरासं मोठं झालं, तर कागदावर रोज जास्त पाऊस पडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. चुकीच्या मोजमापापेक्षा ते नसलेलं बरं, असं बाईंचं मत होतं.

1957-58च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास केला त्या काळात, त्यांनी देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रं उभारली. 1976 मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, आणि चारच वर्षांनी भारतातल्या सौर प्रारणाच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेच्या, आकडेवारीचं जाडजूड पुस्तक काढलं. सोलरवाल्यांना ते वर्षानुवर्षं पुरलं. मग वारा मोजायला घेतला! अशा बाईला निवृत्त तरी कसं म्हणायचं?

तुमच्या कॉलेजच्या गच्चीवर सूर्यप्रकाश मोजणारा पायरॅनोमीटर आहे म्हणालीस ना? तो शेवटचा कधी आणि कशाशी ताडून बघितला होता, ते सरांना विचार आणि रविवारी फोनवर सांग. मेसचे पैसे सोमवारी पाठवते.

तुझी,
आई