शीतगृहात खराब झालेल्या रताळ्यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शीतगृह विभाग

विषय: भाडे परत मिळणे व नुकसानभरपाईबाबत

महोदय,

महाशिवरात्रीच्या बाजारासाठी मी आपल्या बेळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये 60 पोती रताळी ठेवली होती. गेटवर घेतली तेव्हा दिसायला ठीक होती. घरी आणल्यावर काही दिवसांतच सालीवर खड्डे पडले, आतला गर तपकिरी झाला, बरीच सडली. जी वरून धड दिसत होती तीही कितीही उकडली तरी मधे टणकच. व्यापाऱ्याने माल परत पाठवला.

माझ्या पहिल्या अर्जाला आपलं उत्तर आलं की चेंबर एकदाही बंद पडलं नाही, तापमान पूर्ण काळ 4 अंश सेल्सिअस होतं. सोबत आलेखही जोडलात. त्याबद्दल आभार, कारण माझी तक्रार नेमकी तीच आहे. 4 अंश बटाट्याला मानवतात. रताळं 13 ते 15 अंशांत ठेवायचं असतं, आणि 12 च्या खाली बरेच दिवस राहिलं की त्याला थंडी बाधते. पावतीवर माल 'गेणसु', म्हणजे रताळं, असाच आपल्या माणसाने कन्नडात लिहिलाय, तेव्हा बटाटा समजलो ही सबब नको.

"बर्फ तर झाला नव्हता, मग बिघडेल कसं?" असं आपले सुपरवायझर फोनवर म्हणाले. त्यासाठी बर्फ व्हावा लागत नाही. प्रत्येक पेशीभोवतीचं पटल स्निग्ध पदार्थांचं आणि प्रथिनांचं असतं. उबेत ते लवचिक राहतं, काय आत घ्यायचं आणि काय बाहेर सोडायचं ते सांभाळतं. थंडीत तूप थिजावं तसे उष्ण प्रदेशातल्या पिकांच्या पटलातले स्निग्ध पदार्थ घट्ट होतात, पटलाचा ताबा सुटतो आणि आतले क्षार बाहेर झिरपू लागतात. रिक्तिकेतला, म्हणजे पेशीतल्या पिशवीतला, रस विकरांना (एन्झाइम्सना) भेटला की गर तपकिरी होतो. बटाटा अँडीज पर्वतातला, त्याला थंडीची सवय आहे. लायन्स आणि रेझन या शास्त्रज्ञांनी 1970 साली रताळं आणि बटाटा या दोन्हींच्या पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, तपासल्या होत्या. तापमान उतरवत नेलं तेव्हा रताळ्यातल्या तंतुकणिकांचं श्वसन 9 ते 12 अंशांच्या आसपास एकदम ढासळलं, बटाट्यातल्यांचं तसं काही झालं नाही.

पुतणी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकते. तिने आपल्याकडून आलेल्या आणि घरी माडीवर ठेवलेल्या रताळ्यांचे सारख्या वजनाचे काप केले आणि धुऊन घेतले, म्हणजे सुरीने फुटलेल्या पेशींचा रस मोजणीत येऊ नये. मग ते फिल्टरच्या पाण्यात वेगवेगळे भिजवले आणि काही तासांनी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला. आपल्याकडच्या रताळ्यांच्या पाण्यात दुपटीहून जास्त क्षार उतरले होते. एकाच शेतातला, एकाच वेळी काढलेला माल. फरक फक्त आपल्या चेंबरचा.

'माल चांगल्या स्थितीत मिळाला' या कागदावर माझी सही आहे, हे आपण ठळक अक्षरांत कळवलंत. सही माझीच आहे. पण थंडीची इजा थंडीत फारशी दिसत नाही, माल उबेत आला की उघडी पडते. गेटवर उभं राहून ती कुणाला दिसणार?

माझी मागणी अशी: पूर्ण भाडं परत द्यावं आणि माल बाहेर काढला त्या दिवशीच्या बेळगाव एपीएमसीच्या दराने नुकसान भरून द्यावं. पुढच्या हंगामाआधी रताळ्यांसाठी वेगळं चेंबर ठेवा, नाहीतर रताळी घेणं तरी बंद करा. उचगाव, बेळगुंदी, कडोलीकडचे शेतकरी आपल्या बोर्डावर विश्वास ठेवून माल आणतात. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपलं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी तक्रारदार राहतो तिथे दावा करता येतो.

उरलेली पोती गोठ्याशेजारी तशीच ठेवली आहेत. माणूस पाठवून बघून घ्या, मात्र लवकर, वास सुटलाय. येताना त्या आलेखाची सही-शिक्क्याची प्रत आणावी.

आपला,
एक रताळी उत्पादक शेतकरी
ता. जि. बेळगाव

सोबत: पावती, गेटपास व आपल्या उत्तराची झेरॉक्स