सानूची शाळा

जुन्नर, 28 मे

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "पोरीला जिल्हा परिषदेत घातलंस? येडा झालास का?" बायको शेजारीच होती, म्हणून हसण्यावारी नेलं. आता सगळं ऐक.

आधी इंग्लिश मीडियमच बघितलं रे. मार्चात गेलो. दारात कारंजं, वर्षाची फी 48 हजार, बस वेगळी आणि बूट-गणवेश ते सांगतील त्याच दुकानातून. मॅडमनी सानूला इंग्रजीत काहीतरी विचारलं, ती गप्प. मग आम्हाला विचारलं, घरी इंग्रजी बोलता का? आम्हीही गप्प! बाहेर पडताना पहिलीचा वर्ग एका सुरात कविता म्हणत होता. दाराजवळच्या पोराला मी हळूच अर्थ विचारला, तर तो मॅडमकडेच बघायला लागला.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरिबांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के मोफत जागांत आपण बसत नाही, उत्पन्नाची अट एक लाखाची. खालचा रिक्षावाला बसत होता. पण 2024 साली सरकारने नियम काढला, किलोमीटरभरात सरकारी शाळा असेल तर खासगीला या जागांतून सूट. जुलैत उच्च न्यायालयाने तो रद्द केला, तोवर गड्याने उसनवारी करून फी भरलेली.

मग आपल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. पत्रा गळतो, मुलींच्या संडासाला कडी नाही. (व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात, शिरतो आणि आधी कडी बसवतो.) पण बाई जमिनीवर बसून पोरांकडून चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून घेत होत्या. सानू न सांगताच त्यांच्यात जाऊन बसली. तासाभराने खिचडी खाऊनच उठली.

बायकोला लोकांची धास्ती. लग्नाकार्यात पहिला प्रश्न हाच, कुठल्या शाळेत? मला धास्ती बाईंच्या बदलीची. खरं सांगू, आम्ही शाळा निवडलेलीच नाही, बाई निवडल्यात. पट साठच्या आत, म्हणून शिक्षक दोनच. गुरुजी मीटिंगला गेले की चारही वर्ग बाईंच्या गळ्यात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "दोन वर्षं तरी हलत नाही." तिसरीला काय, ते तिसरीला बघू.

काकूंकडे चिंचोके असतील तर येताना पिशवीभर आण. घरातले सानूने पलंगाखाली ढीग करून संपवलेत.

तुझा,
बाळ्या