वेबसाइट करून दिली, पण प्लगिन अपडेट कोण करणार?

संपादक महोदय,

सोलापुरात आता चादर-टॉवेलवाले काय, शेंगाचटणीवाले काय, सगळे ऑनलाइन ऑर्डर घ्यायला लागलेत, चांगलंच आहे, पण एकदा वेबसाइट करून घेतली की पुढं तिच्याकडं कोण बघतं हे कुणी विचारतच नाही. करून देणारा पोरगा पुण्याला नोकरीला जातो, फोन उचलत नाही, आणि वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) बसवलेले प्लगिन, म्हणजे जादा सोयींसाठी जोडलेले छोटे प्रोग्राम, जुनेच पडून राहतात.

लोकांना वाटतं पासवर्ड अवघड ठेवला की झालं. तसं नाहीये. पोस्ट एसएमटीपी नावाचं प्लगिन आहे, साइटवरून मेल नीट जावेत म्हणून टाकतात, ४ लाखांवर साइटवर होतं. २०२५ मध्ये त्यात असं सापडलं की गेलेल्या मेलची जी नोंद ते ठेवतं ती लॉगिन न करता कुणालाही वाचता येत होती. म्हणजे बघा, चोरानं लॉगिनच्या पानावर मालकाच्या नावानं 'पासवर्ड विसरलो' दाबायचं, रीसेटची लिंक मालकाला मेलवर जाते पण तो मेल त्या नोंदीतही पडतो, तिथून लिंक उचलायची, नवा पासवर्ड टाकायचा, साइट ताब्यात. जुना पासवर्ड माहीत असायची गरजच नाही! ३.६.१ व्हर्जनमध्ये दुरुस्ती आली, पण अपडेट दाबणार कोण?

नोव्हेंबर २०२४ मध्ये तर रिअली सिंपल सिक्युरिटी या सुरक्षेसाठीच्याच प्लगिनमध्ये, ४० लाखांवर साइटवर असलेल्या, टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एकदा ओळख पटवायची सोय) चालू असेल तर पासवर्डशिवाय थेट ॲडमिन, म्हणजे साइटचा पूर्ण ताबा असलेला, म्हणून शिरता येत होतं.

नवी पेठेतले एक व्यापारी मला म्हणाले, आमच्याकडं चोरण्यासारखं काय आहे, चादरीचे फोटो? अहो, गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि घरचे पत्ते आहेत की, आणि पैसे भरायचा क्यूआर कोड आहे, तो कुणी बदलला तर लग्नसराईच्या ऑर्डरचे पैसे भलत्याच खात्यात जातील. हल्ला करणारा काही दुकान बघून येत नाही, त्याचा प्रोग्राम जुनी व्हर्जन शोधत सगळीकडं फिरत असतो.

म्हणून साइट करून घेतानाच अपडेट कोण करणार आणि वर्षाला किती घेणार हे लिहून घ्या, डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), ॲडमिन लॉगिन सगळं मालकाच्या नावावर ठेवा, न लागणारे प्लगिन नुसते बंद नको, काढूनच टाका. आणि कुणी आधीच घुसलं असेल तर नुसत्या अपडेटनं तो बाहेर जात नाही, युजर्सच्या यादीत अनोळखी ॲडमिन दिसला तर उडवायचा आणि सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

माग बंद पडू नये म्हणून आपण जॉबर (माग दुरुस्त करणारा) ठेवतोच ना, मग व्यापारी संघटनांनी सगळ्यांच्या साइटसाठी मिळून एक जाणकार माणूस नेमायला काय हरकत आहे? छोट्या दुकानदाराला एकट्याला तो खर्च झेपत नाही. आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला एक वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर