भाकीत आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारीशेजारी छापावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अक्षय्य तृतीया झाली की बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून येते आणि आमच्या गावात पारावर ते मोठ्याने वाचले जाते. घटात मांडलेल्या अठरा धान्यांपैकी कोणते दाणे जागचे हलले, मधल्या खड्ड्यातील चार ढेकळांपैकी कोणते घागरीच्या पाण्याने किती भिजले, यावरून कोणते पीक साधेल आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाऊस कसकसा राहील हे सांगितले जाते. त्याच सुमारास हवामान खात्याचा पहिला अंदाजही येतो. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि आता आठ एकरांचे कोरडवाहू वावर पाहतो. ही दोन्ही भाकिते मी दरवर्षी लक्षपूर्वक वाचतो, आणि हे पत्र कोणाच्या श्रद्धेला दुखावण्यासाठी लिहीत नाही. मला बोलायचे आहे ते दिवाळीबद्दल. कापूस घरात येऊ लागतो त्या दिवसांत पारावर बसलेल्या प्रत्येकाला उन्हाळ्यात वाचलेले तेवढेच वाक्य आठवते जे खरे ठरले. जे चुकले ते कोणाच्याही लक्षात राहिलेले नसते, आणि त्यात कोणाची लबाडी नसते.

माणसाचे मन असे का वागते, याचा शोध इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६०च्या दशकात घेतला. त्यांचे १९६६ सालचे चार पत्त्यांचे कोडे मी मराठी अक्षरे घालून नववीच्या वर्गात अनेकदा मांडले आहे. टेबलावर चार पत्ते आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे, आणि समोर दिसतात ते ‘अ’, ‘क’, ‘४’ आणि ‘७’. नियम असा की, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. हा नियम खरा की खोटा हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक मुले ‘अ’ आणि ‘४’ सांगतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’ आहे, कारण ‘४’च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, पण ‘७’च्या मागे स्वर निघाला तर तो तिथेच मोडतो. वेसन यांच्या प्रयोगांत शिकलेल्या प्रौढांपैकीही दहा टक्क्यांहून कमी लोकांना हे उत्तर देता आले. आपल्याला नियम पटवणारा पत्ता उलटावासा वाटतो आणि नियम मोडू शकेल असा पत्ता टेबलावर तसाच राहतो.

मात्र यावरून माणसाला तर्क येतच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. आमच्या एस.टी.चा वाहक हेच कोडे रोज सोडवतो. ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीसाठी वयाची ६५ वर्षे पूर्ण हवीत, हा त्याचा नियम. जो प्रवासी ती सवलत मागतो त्याचे कार्ड तो पाहतो, आणि जो पन्नाशीचा दिसतो त्याच्या हातात कोणते तिकीट आहे तेही पाहतो. सत्तरीच्या म्हाताऱ्याने पूर्ण भाडे भरले तर त्याला तो काही विचारत नाही. ‘७’चा पत्ता त्याला कोणी न शिकवता सापडतो, कारण नियम कोण मोडू शकेल हे त्याच्या कामानेच त्याला शिकवलेले असते. पुढच्या काळातील प्रयोगांतही असेच आढळले की कोडे वयाच्या अटीसारख्या ओळखीच्या नियमात मांडले की बहुतेकांना ते सुटते. तर्काची शक्ती आपल्यापाशी आहे, पण ती कुठे जागी होते आणि कुठे झोपी जाते हे आधीच्या समजुतीवर फार अवलंबून असते.

समजूत तर्काला कशी झोपवते, याचे उदाहरण बियाण्याच्या दुकानात रोज पाहायला मिळते. ‘चांगले बियाणे महाग असते, हे बियाणे महाग आहे, म्हणजे हे चांगलेच असणार,’ असे कोणी म्हटले की सगळे माना डोलावतात. हीच वाक्यरचना ठेवून ‘बैलाला चार पाय असतात, बकरीला चार पाय आहेत, म्हणजे बकरी बैल आहे,’ असे म्हटले तर लहान मूलही हसेल. दोन्हींतील चूक तंतोतंत एकच आहे. जोनाथन एव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हे मोजून पाहिले, तेव्हा तर्कदृष्ट्या चुकीचा पण मनाला पटणारा निष्कर्ष सुमारे ७० टक्के वेळा बरोबर मानला गेला, आणि तितकाच चुकीचा पण न पटणारा निष्कर्ष अवघा १० टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडील नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, ही फट फार पूर्वी ओळखली होती. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे, पण जेथे अग्नी तेथे धूर हे खरे नाही, कारण धुरासाठी ओले सरपण लागते, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. ज्या घरात पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या झाडांच्या काड्यांवर, चूल पेटते त्या घरातील बाईला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

आता माझ्या स्वतःच्या वावरातली गोष्ट लिहितो, कारण ती लिहिण्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले, आणि पहिली काही वर्षे बोंडअळी खरोखरच दिसेनाशी झाली. ‘बीटी आहे, अळी येत नाही’ ही आमची समजूत अनुभवातूनच आली होती आणि त्या वेळी ती खरीही होती. २०१७ साली पऱ्हाटी कमरेच्या वर गेली होती, बोंडे हिरवीगार आणि टपोरी होती, आणि मी रोज सकाळी धुऱ्यावर उभा राहून समाधानाने पाहत होतो. काही फुले गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहिली होती. त्यांना डोमकळी म्हणतात आणि आत शेंदरी बोंडअळी असल्याची ती खूण आहे, हे मी वाचलेले होते, तरी ‘पावसामुळे फूल उमलले नसेल’ असे मी स्वतःला समजावले. पहिल्या वेचणीला आलेल्या बाईने एक न फुटलेले बोंड दातांनी फोडले आणि माझ्या तळहातावर ठेवले. वरून त्याला डागही नव्हता, कारण अळी लहान असतानाच आत शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. आतल्या दोन कप्प्यांत पिवळट, चिकटलेला कापूस होता आणि सरकी पोखरलेली होती. ज्या हिरव्या बोंडाकडे मी रोज पाहत होतो तोच माझा न उलटलेला पत्ता होता. त्या वर्षी विदर्भभर हेच घडले. अळीने दोन्ही जनुकांना दाद देणे सोडले होते, पण आमची समजूत मात्र जुन्या अनुभवावरच उभी होती.

तेव्हापासून मी डोळ्यांना काय वाटते यावर हा निर्णय सोपवत नाही. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा वावरात फिरून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, तर फवारणी करायची, अशी कृषी खात्याची मर्यादा मी हंगामाच्या आधीच वहीत लिहून ठेवतो. मन दोन्हीकडे घसरते. कधी अळी असून दिसत नाही, आणि कधी शेजारच्याने पंप उचलला म्हणून आपणही विनाकारण उचलतो. आकडा आधी लिहिलेला असला की मनाला पळवाट उरत नाही.

याचा अर्थ अंतःप्रेरणा टाकून द्यावी असा मुळीच नाही. आमच्याकडे सालदार राहिलेले एक वृद्ध गृहस्थ वाफसा, म्हणजे मातीत पेरणीजोगा ओलावा, आला की नाही हे मूठभर माती दाबून सांगत. मातीचा लाडू वळला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर फुटला तर ते पेरणीची तिफण जुंपायला सांगत, आणि आठवडाभरात उगवण पाहूनच त्यांचे खरे-खोटे होत असे. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या दोन अभ्यासकांनी २००९ साली मिळून हेच मांडले की, ज्या कामात परिस्थितीला काही नेम असतो आणि आपण चुकलो की बरोबर हे पुन्हापुन्हा कळत राहते तिथे अनुभवी माणसाची प्रेरणा भरवशाची असते. एका माणसाच्या आयुष्यात वाफसा शेकडो वेळा येतो. पावसाळा वर्षातून एकदाच येतो आणि त्याचा हिशेब कोणी समोर ठेवत नाही. म्हणून वाफशाबद्दलचा त्या वृद्धाचा शब्द मी आजही मानेन, पण चार महिन्यांच्या पावसाबद्दल त्यांचा, माझा किंवा आणखी कोणाचा अंदाज तपासल्याशिवाय मानणार नाही.

तो तपासण्याचे साधन आपल्या हाती आहे. उन्हाळ्यात छापलेले भेंडवळचे भाकीत आणि हवामान खात्याचा अंदाज, ही दोन्ही वाक्ये शब्दही न बदलता, ऑक्टोबरमध्ये महसूल मंडळांतील पर्जन्यमापकांच्या महिनावार आकड्यांच्या शेजारी आपण छापावीत. दोघांनाही एकच माप लावावे. ‘पाऊस सर्वसाधारण राहील’ या वाक्यात किती मिलिमीटर पाऊस पडला तर ते वाक्य चुकले असे मानायचे, हे भाकीत छापतानाच दोघांना विचारून घ्यावे आणि उत्तर मिळाले नाही तर तसेही नमूद करावे. अशी एका रकान्याची जागा सलग पाच-सात वर्षे मिळाली तर आमच्या पारावर दिवाळीला होणारी चर्चा कात्रण हातात धरून होईल. ती कात्रणे चिकटवण्यासाठी गावच्या वाचनालयात एक वही मी आजच आणून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व कास्तकार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ