१४ भागिले ४८

सप्रेम नमस्कार मॅडम,

नाव लिहू नकोस असं तुम्ही आधीच बजावलंय, म्हणून लिहीत नाही. आमच्या कंपनीत पैसे घालणाऱ्या तुमच्या फंडाचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

परवा सीएंचा फोन आला. म्हणाले, "तुमचं वेस्टिंग, म्हणजे शेअर टप्प्याटप्प्याने कमवायची मुदत, संपलं. आता सगळे शेअर खऱ्या अर्थाने तुमचे." ऑक्टोबर २०२१ मध्ये करार झाला, चार वर्षं होऊन गेली, आणि माझ्या लक्षातही नव्हतं. फोन ठेवला आणि तुमची आठवण आली. तुम्ही पैसे दिलेत त्याचे आभार तेव्हाच मानले होते. आजचे आभार त्या कलमाचे, ज्यावरून मी आणि माझा भागीदार मित्र, आम्ही दोघं तुमच्यावर जवळजवळ आठवडाभर रागावलो होतो.

तुम्ही पहिल्यांदा निफाडला आलात ते जूनमध्ये. कांदा साठवायची चाळ नुकतीच भरली होती. आमचं सेन्सर म्हणजे तेव्हा प्लास्टिकच्या डब्यात कोंबलेलं एक सर्किट: तापमान, आर्द्रता आणि कुजणाऱ्या कांद्यातून सुटणारे वायू मोजणारं. लॅपटॉपवरचं प्रेझेंटेशन तुम्ही उघडूच दिलं नाहीत. वडिलांना विचारलंत, "कांदा सडतोय हे तुम्हाला कधी कळतं?" ते म्हणाले, "वास आल्यावर. आणि वास आला म्हणजे उशीर झाला." त्या वाक्यावर तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत. आमच्या पंचवीस स्लाइडमध्ये ते वाक्य कुठेच नव्हतं.

त्याआधी एका गुंतवणूकदाराने तीस लाखांसाठी चाळीस टक्के मागितले होते, आणि आम्ही द्यायला निघालो होतो. तुम्ही कागदावर गणित मांडून दाखवलंत. पहिल्याच वेळी चाळीस गेले, गुंतवणुकीच्या पुढच्या दोन राउंडमध्ये आणखी गेले, की काम करणाऱ्यांच्या हाती काय उरतं? मग तुमची बाजूही तेवढ्याच सरळपणे सांगितलीत. हे पैसे माझे नाहीत, सेबीकडे नोंदलेला फंड आहे, त्यात एकेकाने किमान एक कोटी घातलेत, साधारण दहा वर्षांत ते मला परत करायचेत. बहुतेक कंपन्या बुडतील. एक-दोन चालतील, त्यांनी बाकीच्यांचं भरून काढायचं. "म्हणून मी तुला परत परत विचारते, हे किती मोठं होईल? तुझा अपमान करायला नाही विचारत." एंजल टॅक्सची, म्हणजे शेअर वाजवी किमतीपेक्षा महाग विकून आलेल्या जादा पैशावरच्या कराची, भीती सीएंनी घातली होती, २०१२ पासूनचं ते कलम होतं. फंड सेबीच्या श्रेणी एकमधला असल्याने आपल्याला ते लागू नाही, हेही तुम्हीच समजावलंत. (२०२४ च्या अर्थसंकल्पात ते रद्द झालं तेव्हा आमच्या सीएंनी पेढे वाटले.)

आणि मग टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आली. कंपनी विकली तर आधी तुमची रक्कम एकपट परत, मग उरलेल्याचे वाटे, हे आम्ही गिळलं. पुढच्या पानावर अडकलो. आमचे दोघांचे पाच-पाच हजार शेअर, जे आमचेच होते, ते आम्ही चार वर्षांत "कमवायचे". पहिल्या वर्षाच्या आत जो सोडेल त्याला शून्य, नंतर सोडला तर पहिल्या महिन्यापासून मोजून दरमहा अठ्ठेचाळिसावा हिस्सा. माझा मित्र भडकला. इंजिनिअरिंगची चार वर्षं एका खोलीत काढलेली माणसं आम्ही. "हा आपल्या मैत्रीवर अविश्वास आहे," तो म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं, फक्त मी बोललो नाही.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. चहा मागवलात आणि डीईसी या अमेरिकन कंपनीची गोष्ट सांगितलीत. १९५७ साली अमेरिकेत जॉर्ज डोरिओंच्या फंडाने केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन इंजिनिअरांना सत्तर हजार डॉलर दिले आणि सत्तर टक्के घेतले. संगणक बनवणारी ती कंपनी अफाट वाढली. "हे सगळे सांगतात," तुम्ही म्हणालात, "पण १९६६ मध्ये अँडरसन सोडून गेले, ते कुणी सांगत नाही." मग म्हणालात, "भांडाल म्हणून नाही रे. उद्या एकाच्या घरी काही झालं, तर त्या दिवशी हिशोब करायला बसू नका. आज करून ठेवा." आणि वर, फंडाच्या वकिलाचं ऐकू नका, तुमचा वेगळा करा. वकिलाची फी ऐकून आम्हाला घाम फुटला, पण केला.

चौदा महिन्यांनी त्याच्या घरी खरंच काही झालं. काय, ते त्याचं त्याने सांगावं. डिसेंबर २०२२ मध्ये त्याला कंपनी सोडून पगाराच्या नोकरीवर जावं लागलं. मी दोन दिवस त्याला फोन करायचं टाळत होतो, कारण शेअरचा विषय कसा काढायचा कळत नव्हतं. त्याचाच मेसेज आला: "१४ भागिले ४८ गुणिले ५०००. १४५८ माझे. बाकीचे ३५४२ परत. बरोबर ना?" खाली एक हसरा चेहरा. त्या चेहऱ्यासाठी मी तुमचा ऋणी आहे, मॅडम. ते कलम नसतं तर जवळजवळ अर्धी कंपनी निघून गेलेल्या माणसाच्या नावावर राहिली असती, पुढचा कुठलाही गुंतवणूकदार दारात उभा राहिला नसता, आणि आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं. आता तो दर तिमाहीचा अहवाल सगळ्यांत आधी वाचतो आणि आर्द्रतेच्या आकड्यांत चुका काढतो.

सगळंच गोड लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. शीतगृहवाल्यांना आधी विका, हा तुमचा सल्ला साफ चुकला. त्यात आमचे सात महिने गेले. दर महिन्याच्या पाच तारखेला अहवाल मागता, तो मला आजही आवडत नाही. पण चुकलं तेव्हा बोर्डाच्या बैठकीत "हे माझ्यामुळे झालं" असं तुम्हीच नोंदवून घेतलंत.

यंदाची चाळ दिवाळीआधी फोडली. सड नेहमीपेक्षा पुष्कळ कमी निघाली. एक गोणी उन्हाळ कांदा तुमच्या ऑफिसला पाठवतोय. पोर्टफोलिओ कंपनीकडून, म्हणजे फंडाचे पैसे असलेल्या कंपनीकडून, भेट घेत नाही असं म्हणाल, हे ठाऊक आहे. म्हणून सांगतो, गोणी कंपनीची नाही, वडिलांची आहे, आणि त्यांनी ती परत घेणार नाही असं कळवलंय.

आपला,
निफाडचा फाउंडर