‘बिअरच तर घेतलीये, मामा!’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गटारी तोंडावर आली की शहरात नाकाबंद्या वाढतात आणि वाचकांच्या पत्रांतून ‘पब बंद करा’, ‘शिक्षा कडक करा’ सुरू होतं. शिक्षा आहेच की. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वयाची अटही आपल्याकडे चांगलीच वरची. सौम्य बिअरला 21, व्हिस्की-रमला 25. शेजारी गोव्यात 18. शिवाय महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. हा परवाना मी तरी आजवर कुणाच्या खिशात पाहिलेला नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. बारावीला ‘अल्कोहोल, फिनॉल आणि ईथर’ हे प्रकरण आलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायचीच. इथेनॉलचा उत्कलनबिंदू 78 अंश, डायक्रोमेटचा नारिंगी रंग हिरवा होतो, हे सगळं मी फळ्यावर लिहून द्यायचो. जुन्या श्वासचाचणीच्या नळ्यांत हीच अभिक्रिया असायची, तेही सांगायचो. पण तेच इथेनॉल पोटात गेल्यावर पुढे काय होतं, हे एकदाही शिकवलं नाही. पोर्शनमध्ये नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पालक काय म्हणतील याची धास्तीही होती.

त्याचा हिशेब गेल्या वर्षी घरातच द्यावा लागला. भाचा तेवीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला. रात्री साडेअकराला स्कूटरवरून माझ्याकडे आला. तोंडाला वास. मी किल्ली काढून घेतली तर म्हणाला, “बिअरच तर घेतलीये, मामा! दोन बाटल्या. दारू नाही.” त्याला दिवाणावर झोपवलं आणि दुधाच्या बिलामागे गणित मांडलं. स्ट्राँग बिअरची बाटली 650 मिलिलिटरची, त्यात आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, म्हणजे 52 मिलिलिटर. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये साधारण 26. एक बाटली म्हणजे दोन लार्ज. याने चार लार्ज रिचवले होते आणि दारू प्यायलोच नाही म्हणत होता!

पुढचं गणित जास्त वाईट. यकृत तासाला साधारण दहा मिलिलिटर अल्कोहोल निकालात काढतं. वजन, प्रकृतीप्रमाणे थोडं मागेपुढे. लिंबू पिळा, दही खा, काळी कॉफी प्या, त्याचा वेग वाढत नाही. नऊला प्यायला बसलेल्याच्या अंगातून दोन बाटल्या उतरायला सकाळचे सात वाजतात. आणि हे महाशय सहालाच आंघोळ करून, “आता एकदम फ्रेश आहे, मामा” म्हणत किल्ली मागत होते. नाश्ता करून नऊला गेला. कुरकुरत गेला.

19 मे 2024 ला कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. त्याला जामीन देताना रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर अख्खं पुणं संतापलं. मीही. पण त्या संतापात एक गोष्ट राहून गेली. दारू रक्तात किती वेळ टिकते यावर 300 शब्द लिहा म्हटलं, तर आपल्यापैकी किती पालकांना जमतील?

‘मुलांना शिकवाल तर जास्त पितील’ असं माझी बहीणच म्हणते. तिच्या मुलाला कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी दोन बाटल्या झाल्याच. पंचविशीची अट असू द्या, मला ती खाली आणायची नाही. पण पंचविशीपर्यंत काही बोलायचंच नाही, असा तिचा अर्थ आपण लावून घेतलाय. अकरावी-बारावीत एक तास पुरे. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत रस्त्यावरच्या खुणांबरोबर वरच्या गणिताचाही एक प्रश्न घाला.

कुठल्या कॉलेजला असा तास ठेवायचा असेल तर मी येईन. मानधन नको, रिक्षाभाडं नको. खडू तेवढा तुमचा.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक
कोथरूड, पुणे